दार लागत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय बंडखोरबाई,

तुझं पत्र मिळालं. लग्न करतेस, फार चांगलं करतेस. मुलगा कसा आहे हे तू दीड ओळीत उरकलंस आणि त्याच्या मोटारसायकलवर अख्खं पान खर्च केलंस, त्यावरून मुलगा बरा असावा. पत्र वाचून मी रंधा खाली ठेवला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि भुशात उभी राहून चक्क नाचले. साठी ओलांडलेली सुतारीण नाचताना गिऱ्हाइकाला दिसली तर तो माप द्यायलाही थांबणार नाही, म्हणून दार ओढून घेतलं.

आता तू शेवटी जे विचारलंस त्याबद्दल. "आत्या, लग्नाच्या दिवशी बाबांच्या जागी तू माझ्या बाजूला उभी राहशील का?" याचं उत्तर मी आज देणार नाही. हो म्हटलं तर तुझ्या बापाची जागा रिकामी झाली असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. नाही म्हटलं तर तू कुणालाच न घेता एकटी उभी राहशील, तुझी खोड मला ठाऊक आहे. लग्न एप्रिलअखेरीस आहे ना? तोवर मला लोंबकळू दे. मधेच अडकलेल्या माणसांची तुला सवय आहे, तुझा धंदाच तो.

धंद्यावरून आठवलं. पाळकाची मुलगी दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात जाऊन लिफ्ट दुरुस्त करणार, यावरून तुमचं बिनसलं. मी तेव्हाही त्याला म्हटलं होतं की अरे, दोघांचंही काम माणसांना वर न्यायचंच आहे, आणि तिच्या गिऱ्हाइकांना निदान परत खाली येता येतं. तो हसला नाही. पुढच्याच रविवारी त्यानं न्यायाच्या दिवसावर प्रवचन केलं. आभाळातून आग पडते, पाणी कडू होतं, तरी माणसं वळत नाहीत, उलट देवाला मुठी दाखवतात, असं सांगता सांगता त्याची नजर तुझ्या बाकावर येऊन थांबली. तू उठलीस, "मी त्याच बाजूची आहे, बाबा" म्हणालीस, आणि तुझ्या आजोबांनी घडवलेलं चर्चचं दार असं आपटून गेलीस की वरची काच तडकली. ती काच अजून तशीच आहे. बदलू का म्हणून मी दोनदा विचारलं, तो राहू दे म्हणाला.

त्याला लग्नाचं सांगायचं नाही ही तुझी अट मी पाळीन. पण तो रोज संध्याकाळी दुकानात चहाला येतो आणि माझ्या समोर लाकूड कापायच्या घोडीवर बसतो. जवळजवळ तीन महिने तोंडाला कुलूप लावायचं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच आहे.

इकडची बातमी म्हणजे चर्चमध्ये नाटक बसतंय. विषय 'शेवटचा दिवस'. बसवतायत शाळेतले चित्रकलेचे मास्तर. तारलेल्यांना, म्हणजे देवानं वाचवलेल्यांना, काम काय, तर पांढऱ्या चादरी गुंडाळून उभं राहायचं आणि गायचं. बंडखोरांना मात्र आभाळाकडे मुठी उगारायच्या, आरडाओरडा करायचा आणि शेवटी लाल कापडाच्या अग्नितळ्यात लोळायचं. कुणाला कुठलं काम हवं ते सांगा म्हटल्यावर सगळी मंडळी बंडखोरांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तारण पावायला एक माणूस तयार होईना. तुझा बाप कपाळाला हात लावून बसला होता. मला मात्र फार दिवसांनी चर्चमध्ये इतकी मजा आली.

तुझी,
आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय बंडखोरबाई,

शेवटी मास्तरांनी चिठ्ठ्या टाकून तारण वाटलं. दातांचे डॉक्टर बंडखोरांचे पुढारी झालेत आणि दवाखान्यातसुद्धा मूठ उगारायची तालीम करतात, त्यामुळे पेशंट आपणहून तोंड उघडतात. बेकरीवाला श्वापद झालाय. त्याला शिंगं लावायची गरज नव्हती असं त्याची बायको म्हणते. अजगराला सात तोंडं हवीत, पण माणसं पाचच मिळाली, तेव्हा दोन तोंडं नुसतीच लोंबणार. बँकेतला कॅशियर लबाड माणूस झालाय. आयुष्यात एक रुपया इकडचा तिकडे न केलेला माणूस तो, पण चिठ्ठीपुढे काय करणार.

माझ्याकडे दार आलंय. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात त्या नव्या शहराला बारा वेशी आहेत आणि एकेक वेस एकेका मोत्याची आहे. मास्तरांना म्हटलं, मोती माझ्याकडे नाही, प्लाय आहे. मग अकरा वेशी पडद्यावर रंगवायच्या आणि बारावी खरी करायची ठरलं. दोन पुरुष उंच दार, मागून दोरी आणि दोरीला वाळूची पिशवी. मास्तरांनी खिटी काढली की पिशवी खाली येते आणि दार धाडकन लागतं. बंडखोर बाहेर, अंधार, नाटक संपलं. "मागच्या रांगेला धडकी भरली पाहिजे, बाई," असं मास्तर रोज एकदा म्हणतात. त्याच वेळी तुझा बाप पडद्यामागून वाचणार, "आणि दार लागलं."

मापं कुठे लिहिली असतील तर बघावीत म्हणून मी तो भाग नीट वाचून काढला. भिंतीचं माप आहे, पण बिजागऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. आणि पुढे लिहिलंय की त्या शहराची दारं कधीच बंद होणार नाहीत. मी तीनदा वाचलं. संध्याकाळी तुझा बाप चहाला आला तेव्हा विचारलं.

"अरे, तुझ्याच पुस्तकात दारं उघडी आहेत, आणि आपण आपटतोय कशाला?"

"त्याच पुस्तकात बाहेर राहिलेल्यांचंही लिहिलंय, ताई."

"हो, वाचलं. पण दार उघडं असताना ते बाहेर का?"

एरवी तो एका शब्दाला दहा शब्द देतो. त्या दिवशी चहावर साय धरली तरी कप तसाच हातात होता. जाताना म्हणाला, "नाटक आहे ते. लोकांना थोडा धाक लागतो."

तुझ्यासाठी मी एक वस्तू करायला घेतली आहे. काय ते सांगणार नाही, फक्त घराचा जिना अरुंद आहे का ते कळव. हे काम कुणाचं म्हणून तुझ्या बापानं विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं. त्यानं लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चांगलं निघालंय." एवढंच. मी काही पुढे बोलले नाही आणि तो काही समजला नाही, तेव्हा तुझी अट शाबूत आहे.

तुला द्यायचं उत्तर माझ्याकडे बाकी आहे, मला ठाऊक आहे. घाई करू नकोस.

आत्या

५ मार्च

प्रिय पोरी,

काल प्रयोग झाला. माझं नाक कापलं गेलं आणि मी इतकी हसले की आज बरगड्या दुखतायत. दोन्ही एकदमच झालं, त्यामुळे कुठून सुरुवात करावी कळत नाही.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. आभाळ पेटलं, पाणी कडू झालं. अजगराची पाच तोंडं फुत्कारली आणि दोन लोंबली. डॉक्टरांनी अशी मूठ उगारली की पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. मग पडद्यामागून तुझ्या बापाचा आवाज आला. त्याचा आवाज तुला माहीत आहे, ऐकून आपण काहीच केलेलं नसलं तरी मान खाली जाते. बंडखोर कण्हत दाराकडे वळले. मास्तरांनी खिटी काढली, पिशवी धप्पकन खाली आली, दार फिरलं, चार बोटं उरली तिथं अडलं, आणि सावकाश परत उघडलं.

मास्तरांनी पिशवी वर ओढून पुन्हा सोडली. दार पुन्हा आलं आणि पुन्हा उघडलं. तिसऱ्या वेळी दोरी तुटली. श्वापदाला दया आली असावी, कारण बेकरीवाल्यानं शिंगं सावरत दाराला खांदा लावला. तरीही लागेना. माझं दार, पोरी. चाळीस वर्षांत माझ्या हातचं एक दार असं निघालं नाही, आणि ते सगळ्या मंडळीसमोर लागत नव्हतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सभागृहात एवढी शांतता पसरली की वाळू गळताना ऐकू येत होती. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून चर्चच्या ऑर्गनवाल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अरे उघडंच आहे तर जा की आत. ताटकळता कशाला?"

डॉक्टरांनी मूठ खाली घेतली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि गेले आत. त्यांच्यामागून बेकरीवाला गेला. मग सगळे बंडखोर निघाले, कुणी लाल कापडात पाय अडकून पडले ते उठून गेले. अजगराची पाच तोंडं आत शिरली, लोंबणारी दोन चौकटीत अडकली, ती तारलेल्यांनी आतून ओढून घेतली. आतल्यांना काय करावं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी गायला सुरुवात केली. बंडखोरही गायला लागले, आणि बेकरीवाल्याचा आवाज इतका गोड आहे हे मला कालच कळलं. सभागृह हसून हसून लोळत होतं.

बाहेर एकटा कॅशियर उभा राहिला. लाल कापडाच्या मधोमध, हात बांधून. सगळे त्याला आतून खुणा करत होते, ये, ये. तो म्हणाला, "माझ्या भूमिकेत तसं लिहिलेलं नाही." पडदा पडेपर्यंत तो तिथंच होता.

आणि मग, हे तू ऐकायला हवं होतंस, तुझ्या बापाचा आवाज आला. "आणि दार लागलं" हे वाक्य त्यानं वाचलंच नाही. पुस्तकाच्या अगदी शेवटी तहानेल्यांना बोलावणं आहे, ते त्यानं वाचलं. ज्याला तहान लागली आहे त्यानं यावं, असं. एरवीसारखा तो आवाज नव्हता, मधेच चिरकला. लोक हसायचे थांबले आणि मग टाळ्या झाल्या.

मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. आज सकाळी बेकरीत पाव घ्यायला गेले तर बेकरीवालाच म्हणाला, "बाई, आमच्या स्वयंपाकघराचं दार तुम्हाला सांगणार होतो, पण आता बघू." बघू म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायची मला सवय नाही, पण माझं दार मी चांगलं ओळखते, आणि ते दार वाकडं नव्हतं. उद्या जाऊन उलगडा करते.

आत्या

९ मार्च

प्रिय पोरी,

उलगडा झाला. बसून वाच.

सभागृहात गेले तेव्हा दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चौकट सरळ, लाकूड सरळ. मग बिजागऱ्या पाहिल्या. मधल्या आणि खालच्या बिजागरीतले माझे स्क्रू कुणी काढले होते आणि जाड डोक्याचे मोठे स्क्रू अर्धवट पिळून ठेवले होते. स्क्रूचं डोकं वर राहिलं की बिजागरी पुरती मिटत नाही, आणि मग दार कितीही ढकला, चार बोटं उरतातच. तुझे आजोबा आम्हाला लहानपणी हेच ओरडायचे, "डोकं आत बसव, नाहीतर दार तुझ्या थोबाडावर येईल."

हे कुणाचं काम ते कळायला मला फार वेळ लागला नाही. स्क्रूच्या डोक्यावर पेचकस बसायची जी खाच असते ना, ती तुझे आजोबा प्रत्येक स्क्रूची उभी ठेवायला लावायचे. सगळ्या खाचा सरळ उभ्या, एकाखाली एक. कुणाला दिसत नाही, काही उपयोग नाही, पण तशी नसली तर ते स्क्रू काढून परत लावायला सांगायचे. आजूबाजूला कुठलाच सुतार हे करत नाही. आणि या दाराचे ते जाड स्क्रू, अर्धवट, मुद्दाम दार बिघडवायला लावलेले, त्यांच्याही खाचा सरळ उभ्या होत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. तशा खाचा ठेवणारी माणसं जगात दोनच उरलीत, आणि त्यातली एक मी.

संध्याकाळी तो आला. मी चहा दिला आणि शेजारी ते स्क्रू ठेवले. तुझा बाप, गावभरचे लोक ज्याच्यासमोर मान खाली घालतात तो, लहान मुलासारखा लाल झाला.

"चाळीस वर्षांची माझी अब्रू घालवलीस," मी म्हटलं. "काय मिळालं?"

"तालमीत रोज ते दार आपटायचं, ताई," तो म्हणाला. "रोज मला ती पाठमोरी दिसायची. मी तीन वर्षं तो आवाज ऐकतोय. वरून 'दार लागलं' असं मीच वाचायचं. जमलं नसतं मला."

तेव्हा मला कळलं की दर रविवारी उपासना संपल्यावर तो चर्चच्या दाराशी उभा राहून दार हातानं का धरतो. आम्हाला वाटायचं लोकांना निरोप देतो. तो ते दार आपटू देत नव्हता.

"मग मास्तरांना सरळ सांगायचंस की शेवट बदला."

"काय तोंडानं सांगू? शेवट तसा हवा हे मीच सुचवलं होतं."

मी हसायला लागले. काय करणार, हसू आलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्याला माझा भुशानं भरलेला फडका दिला, त्यानं डोळे आणखी लाल झाले.

मग तो म्हणाला, "मी इतकी वर्षं सांगत आलो की बंडखोर बाहेर राहतात, कारण देव दार लावतो. परवा पडद्यामागून बघत होतो. दार उघडं, सगळे आत, गाणी चाललीत, आणि तो कॅशियर एकटा हात बांधून उभा. न्याय म्हणतात तो तोच असेल, ताई. आणि तिथं कॅशियर नव्हता. मी होतो. बंडखोर ती नव्हे, मी आहे."

पोरी, मी त्याची बहीण आहे, त्याला पाय फुटले नव्हते तेव्हापासून त्याला ओळखते. स्वतःबद्दल असं काही बोलताना मी त्याला आजवर ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की काही सुचेना, म्हणून मी त्याला रागावले.

"मग जा की आत."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं आहे कुठे तुझ्याकडे?"

थोडा वेळ तो तुझ्यासाठीच्या त्या लाकडावरून हात फिरवत बसला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "लग्न कधी आहे तिचं?"

मी शपथेवर सांगते, माझ्या तोंडून शब्द गेला नव्हता. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. तर म्हणतो, "लग्नात द्यायची वस्तू मला ओळखता येते, ताई. आणि गिऱ्हाइकाचं काम करताना तू गात नाहीस." त्याला फेब्रुवारीपासून माहीत होतं. काखेत कळसा आणि मी गावभर लपवत फिरले.

बेकरीवाल्याच्या स्वयंपाकघराचं काम मिळालं. तुझ्या बापानं रविवारी उभं राहून मंडळीला सांगितलं की दार बाईंचं चांगलं होतं, बिघडवलं मी. कुणीच हसलं नाही आणि मग सगळेच हसले. मास्तर आता दोघांशीही बोलत नाहीत.

आत्या

१४ एप्रिल

प्रिय बंडखोरबाई,

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुला एव्हाना कळलं असेल.

तू फेब्रुवारीत विचारलं होतंस त्याचं उत्तर देते. नाही. मी तुझ्या बाजूला उभी राहणार नाही. लग्नाला येणार, आदल्या दिवशीच येणार, जेवणार, त्या मोटारसायकलवर बसून एक चक्करही मारणार. पण माझी जागा पाहुण्यांच्या रांगेत आहे, तिथून मला सगळं नीट दिसेल. तुझ्या बाजूला उभं राहायला मी माणूस पाठवला आहे. ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं ते तू ठरव, दोन्ही तुझ्या हक्काचं आहे.

आधी पत्र लिहून परवानगी विचारावी असं त्याचं मत होतं. मी म्हटलं, तू विचारणार, ती उत्तर द्यायला महिना लावणार, तोवर तू तसाच हात बांधून उभा. तेव्हा निघाला. मी बस-स्टॅंडवर सोडायला आले आहे, हे तिथल्याच बाकावर बसून लिहितेय. पायातले बूट दोन वेगळ्या जोडांचे आहेत, तुझ्या लक्षात आलं असेल. मी मुद्दाम सांगितलेलं नाही, सांगितलं तर बदलायला घरी जाईल आणि बस चुकेल.

काय बोलायचं ते त्यानं पाठ केलंय. मुद्दे पाडून, एक, दोन, तीन. तुला बघितल्यावर त्यातलं एकही त्याला आठवणार नाही, तेव्हा बोलायची सुरुवात बहुतेक तुलाच करावी लागेल. त्याला माफ कर असं मी सांगत नाही, ते सांगणारी मी कोण? भांडायचं तर खुशाल भांड, तीन वर्षांचं साठलं आहे आणि त्याची तयारी आहे. फक्त भांडण आतल्या खोलीत करा, जिन्यात नको.

या पाकिटात काय आहे ते त्याला माहीत नाही. वाटेत उघडून बघणार नाही, तेवढा सज्जन आहे. पण दोन दिवस ते खिशात घेऊन बसलाय आणि आत्ता तू वाचत असताना तुझ्या चेहऱ्याकडे बघून काय लिहिलं असेल याचा अंदाज घेतोय. माझं पत्र आता पुरे कर, पोरी. मान वर कर आणि त्याला बस म्हण. तू म्हटल्याशिवाय तो बसणार नाही.

आत्या